शहाण्याला रिकामं दाखवायचं नाही

आज चाळिशीला टेकलेल्या कुणालाही विचारा, ‘शहाणा आठवतो का?’ माणूस आधी हसेल. मग मान तिरकी करेल, खालचा ओठ लोंबता सोडेल आणि म्हणेल, ‘पण का?’

शहाणा म्हणजे एक गाढव. टीव्हीवरचं, कापडाचं. दर शनिवारी संध्याकाळी अर्धा तास ते एका लाकडी कट्ट्यामागून डोकं वर काढायचं आणि समोर बसलेल्या पाहुण्याला ‘पण का?’ एवढंच विचारून जेरीस आणायचं. डॉक्टर यायचे, हेडमास्तर यायचे, आगीच्या बंबावरचे जवान यायचे, आणि पाचव्या-सहाव्या ‘पण का’ला सगळ्यांची बोबडी वळायची. घराघरांतली पोरं सतरंजीवर लोळून हसायची, कारण मोठी माणसं गप्प होतात हे पाहण्यासारखं सुख त्या वयात दुसरं नसतं.

आता पुढचा प्रश्न विचारा. त्या गाढवाच्या आत हात कुणाचा होता? माणूस तुमच्याकडं असा बघेल, जसं काही तुम्ही त्याच्या आईचं वय विचारलंत.

तो हात जिचा, तिची ही गोष्ट. टीव्ही केंद्रात तिला सगळे हातबाई म्हणायचे आणि ते नाव इतकं चिकटलं, की तिच्या सासूनंसुद्धा शेवटी तिला त्याच नावानं हाका मारल्या. बुटकी बाई, रुंद खांदे, चालणं तुरुतुरु. उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच जाड. शिंपी माप घेताना एका बाहीचं माप घ्यायचा, दुसरीकडं वळायचा आणि आपलंच काही चुकलं असं समजून पुन्हा पहिल्या बाहीकडं यायचा. ती त्याला कधी काही सांगायची नाही. घेऊ दे बिचाऱ्याला, म्हणायची, टेप काही झिजत नाही.

काम असं होतं. कट्ट्यामागं जमिनीवर चाकं लावलेली एक फळी असायची. हातबाई तिच्यावर उताणी पडायची, गुडघे वर, उजवा हात सरळ छताकडं, आणि हातावर शहाणा. पायाशी एक छोटा टीव्ही ठेवलेला असायचा. घरी पोरांना जे दिसतंय तेच त्याच्यात दिसायचं. वर मान करून ती बाहुल्याकडं कधी बघायचीच नाही, त्या छोट्या टीव्हीत बघायची. म्हणजे शहाणा कसा आहे, हे तिनं जन्मभर पोरांच्याच डोळ्यांनी पाहिलं. बोलताना वरची बोटं उचलायची नाहीत, अंगठा खाली पाडायचा, नाहीतर गाढव बोलत नाही, जांभया देतं. एवढं साधायला तिला पहिलं वर्ष गेलं.

शेजारी स्टुलावर मायक्रोफोन घेऊन आवाजवाला बसायचा. शहाण्याचा आवाज त्याचा. तो माणूस देखणा होता, बोलका होता, आणि आपण देखणे आणि बोलके आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मासिकात फोटो त्याचे, दुकानाची फीत कापायला तो, ‘शहाणा म्हणजे मीच’ असं सांगायला तो. लोक हातबाईची कीव करायचे. कष्ट तुमचे आणि कौतुक त्याचं, म्हणायचे. ती हसायची. ‘अहो, त्याला ओळखतात म्हणून तर मला भाजी निवडून घेता येते. त्याच्या पिशवीत भाजीवाला हरखून काय वाटेल ते कोंबतो.’

हे ती मनाचं समाधान करायला म्हणत नव्हती. तिला खरंच दिसायचं नव्हतं. एक कारण अगदी साधं होतं. आवाजवाला बोलायचा, पण खाली पडल्या पडल्या हातबाईचं तोंडही प्रत्येक शब्दाला हलायचं. शहाणा रुसला की तिचे गाल लोंबायचे, शहाणा घाबरला की तिचे डोळे कपाळात जायचे. हात एकटा काम करतच नसे. एकदा आवाजवाला खो खो हसत म्हणाला होता, ‘बाई, वरचं गाढव बरं, खालचं बघवत नाही!’ तीही हसली होती. घरी गेल्यावर मात्र आरशासमोर उभी राहून तिनं ते तोंड करून पाहिलं, आणि पुन्हा कधी पाहिलं नाही. तो चेहरा फक्त त्या फळीवरचा होता. तो नवऱ्यालासुद्धा दाखवायचा नव्हता.

दुसरं कारण जरा मोठं होतं. कार्यक्रमाच्या पहिल्या वर्षी कॅमेरावाल्याची चिमुरडी मुलगी बापाबरोबर केंद्रात आली. शहाण्याशी गप्पा मारल्या, त्याला आपला नवा बूट दाखवला. तेवढ्यात चहा आला, आणि घाईत असलेल्या आवाजवाल्यानं गंमत म्हणून हातबाईच्या हातावरून शहाणा ओढून काढला आणि खुर्चीवर फेकला. पोर रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. खुर्चीशी गेली, ती कापडाची रिकामी पिशवी उचलली, जिथून हात घालतात तिथं तोंड लावलं आणि फुगा फुगवावा तशी फुंकू लागली. गाल लाल होईपर्यंत फुंकत राहिली.

त्या दिवसापासून हातबाईचा नियम झाला. शहाण्याला रिकामं कुणाला दाखवायचं नाही. घालताना भिंतीकडं तोंड, काढताना भिंतीकडं तोंड, काढला की लगेच रुमालात. कामगार थट्टा करायचे, नवे साहेब कपाळाला आठ्या घालायचे, नवरा म्हणायचा हिचं लग्न माझ्याशी नाही, गाढवाशी लागलंय. तिनं कुणाला दाद दिली नाही. देवमाणूस होती असं कुणी म्हणू नये. रागीट होती, हेकट होती, उधार दिलेली सुई परत मागायची. पण या एका बाबतीत तिनं जन्मभर शब्द पाळला.

शहाण्याची आणखी एक गंमत होती, ती फार थोड्यांना ठाऊक. पहिला टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळं शहाणा शिवला होता जुन्या हिरव्या कांबळ्यातून. हिरवं गाढव! कुणाला कळणार? मग रंगीत टीव्ही आला आणि केंद्रात एकच धावपळ उडाली. एका रात्रीत त्याला बादलीत बुडवून करडा रंग दिला. सगळीकडं लागला, फक्त डाव्या कानामागं एक पोपटी डाग तसाच राहिला. हातबाई नेहमी त्याला उजव्या बाजूनंच वळवायची.

पुढं वाहिन्या वाढल्या, पोरांना दुसरी गाढवं मिळाली, कार्यक्रम बंद झाला. कोठीतलं सामान भंगारात निघालं तेव्हा कोठीवाल्यानं मान दुसरीकडं वळवली आणि हातबाईनं शहाणा पिशवीत घातला. काही वर्षांनी आवाजवाला गेला. दोन दिवस टीव्हीवर त्याचीच बातमी होती. तिसऱ्या दिवशी तिनं घरात एकटीनं शहाणा हातावर चढवला, मान खाली घातली आणि बराच वेळ तशीच बसली. कुणी पाहायला नव्हतं, तरी भिंतीकडं तोंड करूनच काढला.

एकटी म्हणजे अगदी एकटी नव्हे. नवरा केव्हाच गेला होता, पण लेक होती, इस्पितळात नर्स. तिच्या पाळ्या वेड्यावाकड्या, म्हणून लेकीची लेक आजीकडंच वाढली. पोर साखरेच्या डब्याभोवती घिरट्या घालायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. मुंगीनं टीव्हीवरचा शहाणा कधी पाहिला नाही. तिचा शहाणा घरातला होता. आजीच्या हातावर यायचा, आजीच्याच घोगऱ्या आवाजात बोलायचा. मुंगी शाळेतून फुगून आली की आजी काही विचारायची नाही. कॉटच्या कडेवरून दोन कान वर यायचे. ‘पण का?’ शहाणा विचारायचा. आणि जे आईला सांगितलं नाही, आजीला सांगितलं नाही, ते सगळं मुंगी त्याला सांगायची. त्याच्या डाव्या कानामागचा हिरवा डाग तिलाच सापडला. ‘हे आपलं गुपित,’ शहाणा म्हणाला होता.

बाराव्या वर्षी पोरीला शिंगं फुटतात. मुंगीनं एके दिवशी शहाण्याच्या डोळ्यांत बघत विचारलं, ‘आजी, हे तूच बोलतेस ना?’

शहाण्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. ‘कोण आजी?’ तो म्हणाला.

मुंगी खुदकन हसली. त्या हसण्यात काय ते ठरलं. पुन्हा ती गोष्ट निघाली नाही. कॉलेजात गेली, नोकरीला लागली, प्रेमात पडली, आपटली, तरी घरी आली की म्हणायची, ‘आहे का तो? मला त्याच्याशी बोलायचंय.’ शहाण्याला रिकामं तिनंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. आजी भिंतीकडं वळली की ती आपोआप खिडकीकडं वळायची. जगात हा नियम दोघींनाच माहीत होता, आणि हातबाईला वाटायचं, आपण गेल्यावर तो एकीकडं तरी राहील.

मुंगीची नोकरी म्हणजे जुन्या आठवणींचे कार्यक्रम. हो, असाही धंदा असतो. जुन्या जाहिराती, जुने टीव्हीचे सूर, जुन्या पेन्सिली दाखवायच्या आणि भल्या पगाराच्या माणसांना तिकीट काढून रडवायचं. मुंगी आणि तिची मित्रमंडळी सगळी पंचविशीतली. ज्या गोष्टी त्यांनी पाहिल्याच नाहीत, त्यांच्या आठवणीनं यांचे गळे दाटायचे! हातबाईला ते जरा विनोदी वाटे, पण पोरं कष्टाळू होती, तिच्या हातचा चहा आवडीनं पीत होती, म्हणून ती बोलायची नाही. त्यांचं सगळं उघडं असायचं हे मात्र तिच्या लक्षात आलं होतं. एकीनं आपल्या डोक्याचा डॉक्टर किती चांगला आहे ते पहिल्याच भेटीत सांगितलं. एकानं आईबापांचं भांडण फोनवर दाखवलं. झाकून ठेवणं म्हणजे खोटेपणा, असं त्यांचं सरळ गणित होतं.

एका दुपारी मुंगी आली ती पाय न धुताच कॉटवर चढून बसली. ‘आजी, शहाण्याचा कार्यक्रम करायचा. खराखुरा. रंगमंचावर. आवाजवाल्याच्या जुन्या फिती मिळाल्यात, आवाज त्याचाच. फक्त हात पाहिजे.’

‘हात म्हातारा झालाय.’

‘अजून डब्याची झाकणं तूच उघडतेस.’

हातबाईनं आपला उजवा हात उलटा करून पाहिला. आवाजवाल्याचा आवाज कानात आणि शहाणा हातावर, हे पुन्हा घडेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. पण तिनं आपली अट आधी सांगितली. ‘मी दिसता कामा नये. नावही नको. कट्ट्याच्या वर शहाणा, खाली काय आहे ते कुणाला कळायचं कारण नाही.’

‘बरं.’

‘बरं नाही. नीट सांग.’

मुंगीनं खिडकीकडं तोंड केलं. आजीनं भिंतीकडं वळून शहाणा चढवला. मग मुंगीनं त्याचा डावा कान बोटांत धरला आणि म्हणाली, ‘शहाण्या, तुझ्या कानाची शपथ. आजी दिसणार नाही.’

‘पण का?’ शहाण्यानं विचारलं. दोघी पोट धरून हसल्या.

महिनाभर हातबाईनं तालीम केली. दुपारी जेवण झालं की स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणी पडायची आणि उजवा हात वर धरून रेडिओवरच्या बातम्या म्हणायला लावायची शहाण्याला. खांदा रात्रभर ठणकायचा. लेक ओरडायची, ‘तुझं वय काय, तू करतेस काय!’ ती म्हणायची, ‘गाढवाला वय विचारत नाहीत.’ फक्त एक नवी अडचण होती. तोंड हलायला लागलं की कवळी कटकट वाजायची. म्हणून खाली जाताना कवळी काढून वाटीत ठेवायची असं तिनं ठरवलं. दिसणार कोणाला आहे?

कार्यक्रम एका जुन्या नाट्यगृहात, रविवारी दुपारी. कट्टा हुबेहूब बनवला होता, फळीला चाकंही लावली होती. रंगमंचाच्या मागच्या बाजूला सिनेमाचा असतो तसा भला मोठा पडदा होता. ‘मागच्या रांगांना शहाण्याचं तोंड मोठं दिसावं म्हणून,’ मुंगी म्हणाली. पायाशी छोटा टीव्ही होता, हातबाईनं आधी तोच तपासला. मग तिला कट्ट्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आगपेटीएवढी काळी डबी दिसली.

‘हे काय ग?’

‘ते आवाजासाठी आहे,’ मुंगी म्हणाली.

आजकाल सगळ्याच वस्तू आगपेटीएवढ्या. हातबाईनं मान डोलावली, कवळी वाटीत ठेवली, भिंतीकडं वळून शहाणा चढवला आणि फळीवर पडली.

पुढचा पडदा उघडला. शहाण्याचे दोन कान वर गेले, आणि नाट्यगृहातून जो आवाज आला तो टाळ्यांचा नव्हता. शेकडो मोठी माणसं एकदम लहान झाल्यावर होतो तो आवाज होता. हातबाईला तो कधी ऐकायलाच मिळाला नव्हता. केंद्रात प्रेक्षक नसायचे. पोरं आपापल्या घरात हसायची आणि ते हसू तिच्यापर्यंत यायचं नाही. आज ते पहिल्यांदा कानावर आलं, आणि वर आवाजवाला बोलू लागला, तसाच, मेलाच नसल्यासारखा. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानशिलावरून केसात गेलं. पुसायला हात मोकळा नव्हता. एक मोकळा होता, पण त्या हातानं तिला फळी सरकवायची होती.

शहाण्यानं डॉक्टर झालेल्या नटाला विचारलं, ‘पण का?’ हशा. पुन्हा विचारलं, पुन्हा हशा. सगळं जुळून येत होतं. फक्त एक गोष्ट तिला समजेना. डॉक्टर लांबलचक उत्तर देत होता, छोट्या टीव्हीत शहाणा गप्प उभा होता आणि हातबाईनं तेवढ्यात दमून गाल फुगवून श्वास सोडला. बाहेर हसण्याची लाट उठली. ती कूस बदलायला वळली, पुन्हा लाट. नाक खाजलं म्हणून तिनं ते दंडावर घासलं, तर टाळ्या. शहाणा काहीच करत नव्हता. आताच्या लोकांना कुठंही हसू येतं, ती मनात म्हणाली, आणि जोरात कामाला लागली.

शेवटी शहाणा कट्ट्याखाली गेला. नाट्यगृह उभं राहिलं, ते पायांच्या आवाजावरून तिला खाली कळलं. आता ‘शहाणा, शहाणा’ म्हणून ओरडतील आणि मग एकदा कान दाखवायचे, असं ठरलं होतं. ती हात तयार ठेवून थांबली.

लोक ओरडत होते, ‘आजी! आजी! आजी!’

ती तशीच पडून राहिली. कोण आजी?

मुंगी धावत आली, तिला दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं आणि लोकांसमोर उभं केलं. उजेडात तिला काही दिसेना. मग तिनं मागं वळून पडद्याकडं पाहिलं. त्या भल्या मोठ्या पडद्यावर शहाणा नव्हताच. पडद्यावर होती तिची फळी, अजून जराशी हलणारी. तिच्यावर घामाचा डाग. आणि शेजारी वाटीत, खाटेएवढी मोठी झालेली, तिची कवळी.

मग तिला समजलं. अर्धा तास लोक तिचं तोंड बघत होते. दात नसलेलं, लोंबणारं, शब्दाशब्दाला वेडंवाकडं होणारं ते तोंड, जे तिनं नवऱ्याला दाखवलं नव्हतं. वरचं गाढव कुणी पाहिलंच नव्हतं. छोट्या टीव्हीत एकटी तीच शहाणा बघत होती.

तिनं डाव्या हातानं तोंड झाकलं. लोकांना वाटलं आजी गहिवरली. टाळ्या दुप्पट झाल्या.

नंतर माणसं रांग लावून आली. चांगली माणसं होती, त्यांचे डोळे खरंच ओले होते. ‘खरा शहाणा तुम्हीच,’ म्हणत होती. एका बापानं आपली चार वर्षांची मुलगी उचलून पुढं धरली. शहाणा अजून हातावर होता. हातबाईनं सवयीनं त्याला पुढं केलं. शहाण्यानं मान तिरकी केली. पोरीनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ हातबाईच्या ओठांकडं बघत म्हणाली, ‘तू बोल ना. ते नाही, तू.’

घरी जाताना मुंगी गाडीत अखंड बोलत होती. हातबाई तोंडावर पदर धरून बसली होती. मुंगीला वाटलं, आजी दमली.

दुसऱ्या दिवशी हातबाई पाव आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. गल्ल्यावरच्या मुलीनं तिला पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. ‘अय्या, आजी, तुम्हीच ना त्या?’ तिनं फोन फिरवून दाखवला. त्यात हातबाईचं तोंड होतं, पुन्हा पुन्हा तेच, गाल फुगतो, हवा सुटते, गाल फुगतो. खाली लोकांनी लाल बदाम पाठवले होते. ‘एकदा करा ना ते तोंड! प्लीज! किती गोड!’ मुलीचा हेतू वाईट नव्हता, हेच तर वाईट होतं. हातबाई पाव न घेताच परतली.

दुपारी मुंगी फुलांचा गुच्छ घेऊन आली. आजीनं तो घेतला नाही.

‘आगपेटी आवाजासाठी होती म्हणे,’ हातबाई म्हणाली.

मुंगीनं गुच्छ टेबलावर ठेवला. ‘आधी खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.’

‘म्हणून तर विचारायचं असतं.’

‘आजी, तो आवाजवाला जन्मभर तुझं श्रेय खाऊन गेला. शहाणा तू होतीस. लहानपणापासून मला त्याचा राग यायचा. मला वाटायचं, एकदा तरी माझ्या आजीसाठी लोकांनी उभं राहावं. काल राहिले ना? ते शहाण्यासाठी नाही रडले, तुझ्यासाठी रडले. तुमच्या पिढीला सगळं झाकायची सवय. आम्हाला खरं बघायला आवडतं. त्यात लाज कसली?’

‘मला दिसायचं नव्हतं.’

‘पण का?’

तोंडातून गेल्यावर मुंगीलाच ते ऐकू आलं. ती जराशी हसली, आजीही हसेल म्हणून.

हातबाई हसली नाही. ‘कारण मी सांगितलं होतं म्हणून,’ ती म्हणाली. ‘आणि तू हो म्हणाली होतीस म्हणून. जगानं फसवलं असतं तर मी म्हटलं असतं, जगच ते. पण तुला ठाऊक होतं. एकट्या तुला ठाऊक होतं ग! तू खिडकीकडं तोंड करायचीस. मला वाटायचं, हिला सांगावं लागत नाही, ही माझ्यासारखी आहे. आणि तू त्याच्या कानाची शपथ घेतलीस, आणि माझे दात लोकांना दाखवलेस.’

मुंगीचा चेहरा लहान झाला. ती रडायच्या बेतात आली की खालचा ओठ आधी थरथरतो, लहानपणापासून. तिनं इकडं तिकडं पाहिलं. कॉटवर रुमालात गुंडाळलेलं ते गाठोडं होतं. आजीशी बिनसलं की काय करायचं, हे तिला एकच माहीत होतं. तिनं रुमालासकट ते उचललं आणि दोन्ही हातांनी आजीपुढं धरलं.

‘मला त्याच्याशी बोलायचंय,’ ती म्हणाली. ‘त्याला बोलू दे ना.’

हातबाईनं गाठोडं घेतलं. मग भिंतीकडं वळली. मुंगीही झटकन खिडकीकडं वळली, आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मागून दिसत होतं. आजी शहाणा चढवतेय म्हणजे राग गेला. असंच व्हायचं नेहमी.

‘इकडं बघ,’ हातबाई म्हणाली.

मुंगी वळली. शहाणा हातावर होता. त्यानं मान वर केली, तिरकी केली आणि तिच्याकडं पाहिलं, सगळी वर्षं बघत आला होता तसंच. मुंगी नाक पुसत हसली. ‘शहाण्या, सांग ना रे तिला,’ ती म्हणाली. ‘सांग, मुंगीनं प्रेमानं केलं.’

हातबाईनं डावा हात उचलला, त्याचे दोन्ही कान मुठीत धरले आणि मुंगीच्या डोळ्यांदेखत त्याला ओढून काढला.

‘आजी, नको!’

तोवर तो टेबलावर पडला होता, गुच्छाशेजारी. तोंड एकीकडं, मान दुमडलेली. डावा कान उलटा झाला होता आणि मागचा हिरवा डाग वर आला होता. हातबाईचा जाड उजवा हात उघडा पडला होता, बोटं अजून जबड्याच्या आकारात वाकलेली.

‘घे,’ ती म्हणाली. ‘खरं आवडतं ना? बघ.’

पण मुंगी बघत नव्हती. ती सव्वीस वर्षांची पोर दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून खोलीच्या मधोमध उभी होती, आणि हातबाई तिला उघड, उघड म्हणत होती.